बारीक मण्यांची बरणी

जग हळूहळू सभ्य होत चाललं आहे, असं मणीताईला गेली दोनेक वर्षं वाटत होतं. वरच्या मजल्यावरची मुलगी रोज संध्याकाळी व्हायोलिनचा छळ करायची. तिनं बहुधा त्या वाद्याची दया येऊन नाद सोडला होता. जिन्याच्या दाराच्या बिजागऱ्यांना कुणीतरी गुपचूप तेल घातलं होतं. स्वयंपाकघरातला नळ अजूनही ठिबकायचा, थेंब दिसायचे, पण आता अगदी अदबीनं, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे. आणि प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारा शिट्टी! त्याच्या बारीक, भोसकणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं होतं. तो तळमजल्यावर शिंकला की तिसऱ्या मजल्यावरच्या पिंजऱ्यांतले उंदीर उभे राहतात, असं सांगत. निदान एक उंदीर तरी उभा राहिलेला खुद्द मणीताईनं पाहिला होता. तो शिट्टीही वयानं मवाळ झाला होता. दुपारी स्टूल ओढून जवळ यायचा आणि हळू बोलायचा. घरात कुणी झोपलं असलं की माणसं जोडे हातात घेऊन चालतात, तसं सगळं जग तिच्याभोवती चालत होतं. तिला त्याचं कौतुकच वाटे. फक्त संध्याकाळी, कपडे बदलून खिडकीशी बसल्यावर, कधीकधी तिला वाटायचं की नक्की झोपलंय कोण.

तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. काम मण्यांचं म्हणून मणीताई. मांसाचा तुकडा तपासायचा तर आधी त्याचं पाणी व्हावं लागतं. बोटाएवढ्या नळीत तुकडा घालायचा, वर औषधी पाणी, चिमूट-दोन चिमूट मणी, घट्ट झाकण. मग नळी यंत्रात अडकवायची आणि यंत्र ती असं काही हलवतं की आतले मणी तुकड्याला दाही दिशांनी चेचून काढतात. राहतं ते दुधासारखं पाणी. ऐकायला सोपं. पण मणी कोणते? ते तिला शिकवलं म्हाताऱ्या सरांनी, ती या इमारतीत नवी, तुकतुकीत आणि घाबरट असताना. त्यांनी बरण्या ओळीनं मांडल्या होत्या आणि प्रत्येकीतले मणी तिच्या तळहातावर ओतले होते. "ही पोलादाची गोळी. कातडीला, कूर्चेला, जे ऐकत नाही त्याला. हे सिरॅमिकचे, पांढरे. स्नायूला, हृदयाला. आणि ही बारीक काच. मेंदूला. मेंदू म्हणजे लोण्याचा गोळा, त्याला गोळी घालशील तर तो तापेल आणि आतले लांब लांब धागे तुटतील. मग त्या माणसाबद्दल जे कळायचं ते कधीच कळणार नाही. समजलं?" तिनं मान हलवली होती. "मान हलवू नकोस, सांग," सर म्हणाले होते. त्यांना कुणाच्या मानेवर विश्वास नव्हता.

आणि थांबायचं कधी, तर कानानं. तुकडा अख्खा असतो तोवर मण्यांचा आवाज घुसमटलेला येतो, कुणी तोंडावरून पांघरूण घेऊन बोलावं तसा. तुकडा विरघळला की आवाज पांघरूण फेकून उठून बसतो, मोकळा, खणखणीत. त्याच क्षणी बटण दाबायचं. क्षणभर आधी दाबलं तर काम कच्चं, उशिरा दाबलं तर करपलं. तुकड्यातुकड्याचा तो क्षण निराळा, त्यामुळे घड्याळाचा उपयोग नाही. यंत्राजवळ जाताना कान झाकायचे असा नियम होता, त्यासाठी भिंतीवर जाड गाद्यांची कर्णटोपणं टांगलेली होती आणि सगळे ती घालत; मणीताई घालत नसे. कान झाकले तर ऐकायचं कशानं? तिच्या कानाबद्दल काय काय सांगितलं जाई! बंद नळीतलं यकृत दारू पिणाऱ्याचं होतं की न पिणाऱ्याचं, हे ती आवाजावरून ओळखते म्हणे. यातलं थोडं खरं होतं. उरलेलं शिट्टीनं पसरवलं होतं.

तर त्या सकाळी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम या प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयानं तिच्याहून लहान, आवाज जाड, खालच्या पट्टीतला. त्यांचं बोलणं मणीताईला नेहमी स्पष्ट वाटायचं.

"मणीताई, दोन्ही गेले."

"काय गेलं?"

"मेंदूचे दोन्ही तुकडे. आतले धागे पार तुटलेत. शिजवलेत की काय तुम्ही?"

"मी? मी तर नेहमीचेच मणी घातले! नेहमीसारखेच!"

"ओरडू नका हो. मी इथेच बसलेय, समोर."

"मी कुठे ओरडतेय?"

काचेपलीकडच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि तितक्याच एकदम खाली गेल्या. मॅडमनी डोळ्यांवरून हात फिरवला. "हे बघा. हा मेंदू ज्या बाईंचा, त्या गेल्या तेव्हा त्यांच्या मुलानं आपणहून तो आपल्याला दिला. आता आईसारखे त्याचेही हात थरथरायला लागलेत. एकच तुकडा उरलाय, नखाएवढा. परत मागायला कुणाकडे जायचं? आज संध्याकाळपर्यंत मला त्याचं नीट पाणी हवं. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे पाठवते. मला राग येणार नाही."

"जमेल," मणीताई म्हणाली, आणि हे मात्र तिनं मुद्दाम हळू म्हटलं. इतकं हळू की मॅडमना दोनदा विचारावं लागलं.

टेबलाशी परत येऊन ती बरण्यांसमोर बसली. नेहमीचेच मणी. तिनं पोलादाची बरणी उचलली. ती हलकी लागली, तळाशी मोजक्या गोळ्या. सिरॅमिकची अर्धी. आणि काचेची? काचेची नवी बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणाभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी, जी फाडल्याशिवाय बरणी उघडतच नाही, ती शाबूत. वर धुळीचा पातळ थर, आणि त्या धुळीवर कुणाच्याच बोटांचे ठसे नाहीत. मेंदू तर येतच होते, महिन्यामागून महिने. मग ती त्यांना घालत काय होती? तिचा हात तिला न विचारता आपला आपण शेजारच्या बरणीकडे सरकला, आणि मग तिला आठवलं. आठवलं म्हणजे काय, ती विसरलीच नव्हती, फक्त त्या गोष्टीकडे तिनं कधी समोरून पाहिलं नव्हतं. हल्ली काच चांगली येत नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. कारखानेवाले भेसळ करतात, काचेत काच राहिली नाही, आवाज मोकळाच होत नाही, घुसमटलेलाच राहतो. म्हणून तिनं मेंदूला सिरॅमिक घालून पाहिलं. काही दिवस बरं चाललं, मग सिरॅमिकही बिघडलं, तेव्हा पोलाद. पोलादाचा आवाज कसा, दार ठोठावल्यासारखा, सरळ छातीत येतो. तिनं कारखानेवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या की त्यांना त्या महिन्यांत उचक्यांनी झोप लागली नसेल. आणि बिचारे लोण्याचे गोळे, आधीचे अजून न तपासता गोठवून ठेवलेले! तिला सरांचे शब्द आठवले. जे ऐकत नाही त्याला पोलाद.

तिनं पट्टी फाडली. काचेची एक उथळ बशी समोर ओढली, बरणी वाकडी केली आणि मणी ओतले. ते पडले. नीट पडले, एकमेकांवर आपटून उडाले, कडेला धावले, फिरून मधे आले, चमकले. आवाज नव्हता. दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत, जाड भिंतीपलीकडे ते पडत असावेत, आणि इथं फक्त त्यांचं चित्र यावं, तसं. तिनं बशी कानाशी धरून हलवली. हाताला कंप आला, बोटांच्या पेरांना बारीक मुंग्या आल्या. कानाला काही नाही. मग तिनं एकच पोलादी गोळी उचलून बशीत सोडली. ठण्ण. पलीकडच्या टेबलावरची मुलगी दचकून वळली आणि मणीताई तिच्याकडे बघून हसली, कारण दुसरं काही सुचेना.

म्हणजे वरच्या मुलीनं व्हायोलिन सोडलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी तिथंच होती, डोक्यावर, गज ओढत होती, कदाचित आता बरं वाजवतही असेल, आणि खाली मणीताई खिडकीशी बसून शांततेबद्दल तिचे आभार मानत होती. बिजागऱ्यांना कुणी तेल घातलं नव्हतं; ती राहायची त्या इमारतीत कुणी कुणासाठी बिजागऱ्यांना तेल घालणारं नव्हतंच, हे तिला आधीच समजायला हवं होतं. आणि धाकटी बहीण. धाकटी दूरच्या शहरात, सुटीच्या दिवशी सकाळी तिचा फोन यायचा. तिचा आवाजही बारीक, लहानपणापासून. शेवटच्या वेळी ती म्हणाली होती, "ताई, तू सारखी ओरडतेस का गं माझ्यावर?" आणि मणीताईनं, देवाशपथ अगदी मायेनं, उत्तर दिलं होतं, "मी कुठे ओरडतेय!" पुढचे कित्येक आठवडे फोन आला नाही. की आला आणि वाजून वाजून थांबला? तिनं स्वतः केला नाही, कारण मोठी ती होती, आणि रुसायचा हक्क मोठ्यांचा. आता बशीतल्या मण्यांकडे बघताना तिला कळेना की रुसवा नक्की कुणाचा होता. तिनं सगळ्यांना पोलाद घातलं होतं. मेंदूला, मॅडमना, बहिणीला. जे आपल्याला ऐकू येईल तेच समोरच्याला सोसेल, असं धरून.

आणि मग, सगळ्यात शेवटी, शिट्टी. या विचाराला ती वळसे घालत होती, पण तो स्टूल ओढून बसलाच. शिट्टी मवाळ झाला नव्हता. शिट्टी दोन वर्षं, जवळजवळ रोज दुपारी, तिचं यंत्र चालू असताना जवळ येऊन तिच्याशी काहीतरी बोलत होता. बाकीच्यांच्या कानांवर गाद्या, यंत्राची घरघर, त्यात कुणाला ऐकू जाणार नाही अशी ती वेळ त्यानं निवडली होती. तो बोलायचा, आणि ती नळीकडे बघत मान हलवायची. मधून "हं" म्हणायची. कधी तो थांबून तिच्याकडे बघत राहिला तर "चालायचंच" म्हणायची. एकदा जिन्यात त्याचा चेहरा इतका उसवलेला दिसला की तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो नंतर मॅडमना म्हणाला होता, आणि मॅडमनी ते तिला जाड आवाजात सांगितलं होतं, "मणीताईंसारखं ऐकून घेणारं माणूस नाही. मध्ये एक शब्द बोलत नाहीत."

तिला वडील आठवले. वडील रात्री दिवा मालवल्यावर गोष्ट सांगत, आणि त्यांची अट असे की पोरींनी हुंकार भरायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. धाकटी प्रामाणिक, ती झोप आली की झोपायची. थोरली चलाख. तिनं झोपेत हुंकार भरायची कला साधली होती. अर्धं अंग स्वप्नात आणि तोंड हं, हं करतंय. वडिलांना संशय आला की ते मध्येच विचारत, "मग राजाचं काय झालं?" "मेला," ती झोपेतच म्हणे. "अगं, तो अजून जन्मलाच नाहीये!" आणि मग अंधारात त्यांचं हसणं, पलंग हलेपर्यंत. त्या हसण्याला तिनं आयुष्यभर क्षमा समजलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं की हसून झाल्यावर वडील त्या अंधारात थोडा वेळ नुसते बसत असतील. गोष्ट अर्धी, पोरी झोपलेल्या, हुंकार खोटा.

दुपार झाली. नखाएवढा तुकडा बर्फात वाट बघत होता. काच घालायची, यात आता प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो थांबण्याचा. झाकणावर तळहात ठेवून कंपावरून कळेल का? तिनं रिकाम्या नळीवर करून पाहिलं. सगळं सारखंच थरथरत होतं. पोलाद घालावं तर तिला ऐकू येईल, पण तुकडा करपेल. मॅडमना सांगावं तर तुकडा दुसरीकडे जाईल, आणि त्याच्या मागोमाग यंत्रही. मग या खोलीत तिला कोण म्हणून बसायचं? उरला एकच कान. तोही आपला आपण स्टूल ओढत येत होता.

शिट्टी बसला. गळ्यात कर्णटोपण लोंबत होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, पुढे वाकला, आणि त्याचे ओठ हलायला लागले. यंत्र बंद होतं तरी तिच्यापर्यंत पोचली ती नुसती वाफ. तिनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खालचा एक दात तुटलेला होता. केव्हा तुटला?

"थांबा," ती म्हणाली. "माझं एक काम करा. मी यंत्र चालू करते, तुम्ही ऐका. आवाज आधी दबलेला येईल. मोकळा झाला की बोट वर करायचं. त्याच क्षणी."

तो हसला. मग, बहुधा तिचा चेहरा बघून, मोठ्यानं म्हणाला, आणि हे तिला ऐकू आलं: "मी ऐकू? आणि तुमचे कान कुठे गेलेत?"

"गेलेत."

"थट्टा पुरे, मणीताई."

"काच ऐकू येत नाही मला. व्हायोलिन येत नाही. तुम्हीही नाही." ती आपला आवाज हातात धरल्यासारखी बोलत होती, सांडू नये म्हणून. "दोनेक वर्षं, बहुतेक. मला आज कळलं."

शिट्टीचा चेहरा तिनं यापूर्वी दमलेला पाहिला होता, रडवेला पाहिला होता. हिशेब चुकल्यासारखा कधी पाहिला नव्हता. तो मनात मागे मागे जात होता, एकेक दुपार उचलून बघत होता, आणि नकळत अजून मोठ्यानंच बोलत होता. "म्हणजे ते, मी त्या दिवशी सांगितलं..."

"नाही."

"आणि थंडीत? मी म्हणालो की मी आता परत त्या घरात..."

"नाही."

"जिन्यात? जिन्यात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात!"

"तुमचा चेहरा तसा होता म्हणून."

तो उठला. स्टूल मागे पडलं. ते तिला ऐकू आलं, जड होतं. तो खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला आणि तिला वाटलं, आता हा जाईल, आणि जावंच त्यानं. दोन वर्षं एखाद्यानं विहिरीत पाणी ओतावं आणि मग कळावं की ते विहिरीचं नुसतं तोंड होतं, खाली फरशी. तिला काहीतरी म्हणावंसं वाटलं, आणि जे म्हणावंसं वाटलं ते "चालायचंच" होतं. तिनं बर्फातून तुकडा काढला. फिकट, ओला, एका बाईच्या आयुष्यातला कुठला कोपरा होता देव जाणे. त्यात कदाचित मुलाचं नाव होतं, कदाचित नुसता एखादा जिना. नळीत तुकडा, पाणी, वर चिमूटभर काच. ती पडली, आवाजाशिवाय. झाकण. नळी यंत्रात. मग ती बटणावर बोट ठेवून थांबली आणि खिडकीकडे बघत राहिली. बर्फ वितळत होता. हाक मारायची तर किती मोठ्यानं मारायची, हे तिला आता माहीत नव्हतं, म्हणून तिनं मारलीच नाही.

शिट्टी परत आला. स्टूल उचललं, यंत्राशी ठेवलं, गळ्यातलं कर्णटोपण काढून टेबलावर टाकलं, आणि कान यंत्राकडे करून डोळे मिटले. तिनं बटण दाबलं. घरघर सुरू झाली, एवढी तिला येत होती. तिच्या आतलं काही नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. माणूस ऐकताना कसा दिसतो हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, इतकी वर्षं ती स्वतः ऐकणारी. त्याच्या भुवया जवळ आल्या होत्या. कपाळावरची शीर हलत होती. तोंड किंचित उघडं, तुटका दात दिसत होता. तो पुढे झुकला, अजून झुकला, पांघरुणाखालच्या माणसाचं बोलणं कळावं म्हणून झुकतात तसा. आणि मग चेहऱ्यावरची घडी उलगडली, आणि बोट वर गेलं.

तिनं बंद केलं. नळी उजेडात धरली. दुधासारखं, एकजीव, कुठं गाठ नाही, बोटांना गार. तळाशी काच शांत बसलेली. तिनं नळी बर्फात खोचली आणि मॅडमच्या खोलीत नेऊन ठेवली. मॅडमनी विचारलं, "जमलं?" ती म्हणाली, "शिट्टींनी ऐकलं. मला ऐकू येत नाही." मॅडमनी मान वर केली आणि त्या काहीतरी विचारणार एवढ्यात ती बाहेर पडली, ते सगळं उद्या. कानांचं, यंत्राचं, कुठे बसायचं त्याचं. आणि धाकटीचं. सुटीच्या दिवशी सकाळी फोन हातात घेऊनच बसायचं, आणि आधी म्हणायचं, मोठ्यानं बोल.

खोली रिकामी होत होती. यंत्रावर कापड पडलं, भिंतीवर कर्णटोपणं परत लटकली. शिट्टी आपल्या टेबलाशी बसून होता, पाठमोरा. तिनं बशीतले मणी चिमटीचिमटीनं बरणीत भरले. ते मुद्दाम हळू भरले. झाकण लावून वळली तर तो समोर उभा. त्यानं स्टूल नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी, ठेवलं नाही; टेबलाला वळसा घालून पलीकडे ठेवलं, तिच्या अगदी तोंडासमोर. मागे झाडणारी बाई होती, दोघं-तिघं पिशव्या भरत होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं, एवढं तिला कळलं.

मग तो तसाच हळू बोलायला लागला, पण सावकाश, एकेक शब्द ओठांवर ठेवून, उचलून दाखवल्यासारखा. ती बघत होती. "बायको" आली, ती नीट आली. मग बरंच काही निसटलं. मग "खुर्ची". मग पुन्हा काही नाही, आणि मग त्याचे ओठ थांबले आणि तो तिच्याकडे बघत राहिला, जसा दोन वर्षं बघत आला होता. बायको आणि खुर्ची, एवढंच तिच्या हातात होतं, आणि मधे सगळा अंधार. सवयीनं तिची मान हलायला लागली होती. तोंडात हुंकारही तयार होता.

तिनं मान थांबवली.

"नाही कळलं," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."